पाच वर्षांच्या मुलाचा दुसरा सीटी : काढावा का?

पलूस तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ते थोडं आवरून इथे देते.

‘डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत माल उतरवताना आमचा पाच वर्षांचा मुलगा भरलेल्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडला. दोन उलट्या झाल्या. हाक मारली की डोळे उघडायचा आणि परत झोपायचा. रात्रीच सांगलीला नेला, डोक्याचा सीटी काढला. रिपोर्ट नॉर्मल आला, एक दिवस ठेवून सोडलं. पुढे पंधरा दिवसांनी ताप, खोकला झाला, धाप लागली म्हणून छातीचा फोटो काढला. तो रडत होता, म्हणून मीच धरून उभी राहिले. माझ्या अंगावर जाड कोट घातला, पोराला मात्र काहीच घातलं नाही. नंतर कळलं की मला तेव्हाच दिवस गेले होते. आता पडल्याला दीड महिना होऊन गेला. चार-पाच दिवसांआड तो संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणतो. दीर म्हणतात, परत एक सीटी काढून टाकू, शंका नको. सासूबाई म्हणतात, पोराच्या अंगात आधीच किरणं गेलीत, ती आता निघायची नाहीत. मोबाईलवर आलं होतं, एक सीटी म्हणजे पाचशे फोटो. त्या रात्री मी चूक केली का? आणि पोटातल्या बाळाचं काय?’

ताई,

त्या रात्री तुम्ही चूक केली नाही. हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रात बाकी सगळे प्रश्न असले तरी झोप उडवणारा प्रश्न हाच आहे असं मला वाटलं.

डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक मुलाचा सीटी काढायचा नसतो. कोणाचा काढायचा, हे ठरवायला मोठा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेली ४२ हजारांहून अधिक मुलं त्यात होती आणि तो २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोन वर्षांवरच्या मुलाबाबत त्यात जे पाहायला सांगितलं आहे, ते तुम्हीच पत्रात नकळत लिहिलं आहे. मूल नेहमीसारखं शुद्धीत आहे की गुंगीत, बेशुद्ध पडलं होतं का, उलटी झाली का, डोकं फार ठणकतंय का, कवटीचा तळ मोडल्याची खूण आहे का (कानामागे किंवा डोळ्यांभोवती काळं-निळं होतं, कानातून रक्त किंवा पाणी येतं), आणि पाच फुटांवरून किंवा त्याहून उंचावरून पडलंय का. यातलं काहीच नसेल तर सीटीची गरज सहसा नसते. गुंगी आणि कवटीचा तळ मोडल्याची खूण या दोन सोडून बाकीची एखादीच खूण असेल तर चार-सहा तास दवाखान्यात नजरेखाली ठेवून ठरवता येतं. पण हाक मारल्यावर डोळे उघडून परत झोपी जाणारं मूल म्हणजे गुंगीतलं मूल. भरलेल्या ट्रॉलीची उंची तुम्हाला मी सांगायला नको. वर दोन उलट्या. अशा मुलाला कोणी ‘किरणं नकोत, उद्या बघू’ म्हणालं असतं, तर ती मात्र चूक झाली असती. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर हातात तास-दोन तासच असतात, आणि ते रक्त सगळ्यांत झटपट सीटीतच दिसतं.

आता सासूबाईंचं म्हणणं. किरणं अंगात राहत नाहीत. सीटी काय आणि छातीचा फोटो काय, दोन्ही क्ष-किरणांनीच काढतात. बटण सोडलं की क्ष-किरण थांबतात, जसा बॅटरीचा उजेड बटण बंद केल्यावर खोलीत उरत नाही. मुलाच्या अंगातून दुसऱ्याला काही लागत नाही, त्याला वेगळं निजवायला नको, काढा पाजून ‘किरणं उतरवायची’ही गरज नाही. पण सासूबाईंची काळजी अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. किरणं राहत नाहीत, मात्र जाता जाता ती पेशींतल्या जनुकांना कुठेकुठे इजा करू शकतात. शरीर ती इजा बहुतेक वेळा दुरुस्त करतं. क्वचित एखादी दुरुस्ती चुकते आणि त्यातून कितीतरी वर्षांनी कॅन्सर उद्भवू शकतो. मुलांमध्ये हा धोका मोठ्यांपेक्षा जास्त, कारण त्यांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि पुढचं सगळं आयुष्य बाकी असतं. साठीच्या माणसाला जी गोष्ट दिसायला वेळच मिळत नाही, ती पाच वर्षांच्या मुलात दिसायला सत्तर वर्षं पडलेली असतात.

हा धोका केवढा, ते आकड्यांत सांगते. किरणांचा डोस मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून प्रत्येक माणसाला काही किरणोत्सर्ग आपोआप मिळतच असतो. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. छातीच्या एका साध्या फोटोत साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट, कधी त्याहून कमी. म्हणजे दोन-तीन दिवस नुसतं घरी बसून जेवढं मिळतं तेवढंच. मुलाच्या डोक्याच्या सीटीत साधारण २ मिलिसीव्हर्ट, म्हणजे नऊ-दहा महिन्यांच्या नैसर्गिक किरणांइतकं. पोटाच्या सीटीत त्याहून जास्त, ५ किंवा पुढे. तेव्हा मोबाईलवरचा ‘पाचशे फोटो’ हा आकडा फुगवलेला आहे. डोक्याचा सीटी शंभरेक फोटोंच्या आसपास जातो. मुळात हे माप माणसाला घाबरवतं, कारण ज्याने मोजायचं तो छातीचा फोटोच इतका बारीक आहे.

आणि कॅन्सर? २०१२ मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी लहानपणी सीटी काढलेल्या पावणेदोन लाखांहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अंदाज असा : दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांचे डोक्याचे सीटी काढले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरचा एक आणि मेंदूतल्या गाठीचा एक रुग्ण जादा दिसेल. २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या मोठ्या अभ्यासातही रक्ताच्या कॅन्सरबद्दल साधारण याच बेताचा आकडा आला. दहा हजारांत एक-दोन. हा धोका शून्य नाही, म्हणून तो मी दडवत नाही. पण गुंगीत असलेल्या, उलट्या होणाऱ्या मुलाच्या डोक्यात त्याच रात्री रक्तस्राव असण्याची शक्यता याच्या कितीतरी पट जास्त होती. त्या रात्रीचं पारडं कुठे झुकत होतं, हे तुमच्या मनाला आता पटावं.

दिरांच्या म्हणण्याला मात्र मी ठाम नाही म्हणेन.

तुम्ही बागाईतदार माणसं. करपा किंवा डावणी दिसली की फवारणी चुकवत नाही. पण शेजारच्या बागेत पंप चालू झाला म्हणून, किंवा नुसती मनाची शंका नको म्हणून, कोणी शहाणा शेतकरी औषध मारत नाही. एकरी माप ठरलेलं असतं, आणि माल परदेशी जायचा असेल तर कुठलं औषध कधी मारलं याची वही असते. मुलाच्या सीटीचं याहून वेगळं नाही. रोग दिसला तर माप धरून, वेळेवर, बिनदिक्कत. ‘शंका नको’ हे सीटीचं कारण होऊ शकत नाही. शंका आधी हाताने, डोळ्यांनी आणि प्रश्न विचारून फेडायची असते. ते काम डॉक्टरांचं. त्यांना चिठ्ठी लिहून मोकळं होऊ देऊ नका.

पहिला सीटी नॉर्मल आहे. डोक्याला मार लागल्यावर मुलांना काही आठवडे अधूनमधून डोकेदुखी होते, हे नेहमी दिसतं. तरी दीड महिना उलटला आहे आणि दुखणं अजून आहे, म्हणून बालरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. त्यांनी मुलाला चालवून बघावं, तोल पाहावा, हातापायाची ताकद पाहावी, डोळ्यांच्या हालचाली आणि डोळ्याचा आतला पडदाही पाहावा. मेंदूवरचा दाब वाढला असेल तर तो तिथे बहुतेक वेळा उमटतो. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. संध्याकाळी दुखतं, असं तुम्ही लिहिलंय. तो दिवसभर पाणी किती पितो, दुपारी जेवतो का, मोबाईल किती वेळ बघतो, झोप किती, हेही एका कागदावर आठ दिवस लिहून न्या. माझ्या अनुभवात संध्याकाळच्या डोकेदुखीचा निम्मा उलगडा अशा कागदावरच होतो.

खालच्या गोष्टी दिसल्या तर मात्र आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी निघा. सकाळी उठल्याबरोबर दुखणं आणि सोबत उलटी. दुखण्याने झोपेतून जाग येणं. दुखणं दिवसागणिक वाढत जाणं. चालताना झोकांडी, नव्याने तिरळेपणा किंवा एकाच्या जागी दोन दिसणं, फिट येणं, मूल गुंगीत किंवा भलतंच वागू लागणं. अशा वेळी सीटी सांगितला तर तो काढायचाच. आणि घाई नसेल, पण डॉक्टरांना मेंदूचं चित्र हवंच असेल, तर ‘एमआरआयने भागेल का’ असं जरूर विचारा. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चुंबकाचं काम असतं. त्याला वेळ जास्त लागतो, मशीनचा आवाज मोठा असतो, पाच वर्षांचं मूल हलायचं थांबत नाही, म्हणून कधी कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं. सोनोग्राफीतही किरणं नसतात, तिथे आवाजाच्या लहरी असतात. म्हणूनच मुलाच्या पोटात दुखलं, अपेंडिक्सची शंका आली किंवा मूतखडा वाटला, तरी आधी सोनोग्राफी. सीटी त्यातून उत्तर मिळालं नाही तरच.

छातीच्या फोटोबद्दल दोन गोष्टी. धाप लागली होती, ताप होता, म्हणजे फोटोला कारण होतं. साध्या सर्दी-खोकल्याला, किंवा तान्ह्या बाळाच्या नेहमीच्या घरघरीला बहुधा नसतं. दुसरं, ‘पोराला काहीच घातलं नाही’ हे तुम्हाला खटकलं आहे. बऱ्याच आईवडिलांना खटकतं, कारण पूर्वी मुलांच्या पोटाखाली शिशाचा तुकडा ठेवायची रीत होती आणि अजूनही कुठे कुठे आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही रीत थांबवावी असं जाहीर केलं. आताच्या मशीनमध्ये क्ष-किरणांचा झोत छातीपुरता आवळता येतो. त्याबाहेर जी थोडी किरणं पोहोचतात, ती मुख्यतः शरीराच्या आतूनच विखुरलेली असतात, वरून ठेवलेलं शिसं त्यांना अडवू शकत नाही. उलट शिशाचा तुकडा सरकून चित्रावर आला तर फोटो परत काढावा लागतो. शिवाय झोताचा डोस आपोआप ठरवणाऱ्या मशीनसमोर शिसं आलं, तर ती डोस वाढवते. तेव्हा मुलाला कोट नव्हता, यात निष्काळजीपणा नाही. तुम्ही झोताच्या बाजूला, मुलाला धरून उभ्या होतात. तुम्हाला शिशाचा कोट हवाच होता आणि तो दिला गेला.

पण तुम्हाला विचारायला हवं होतं. ‘दिवस गेल्याची शक्यता आहे का?’ हा प्रश्न खोलीत जाण्याआधी कोणीतरी विचारायचा असतो, आणि तो विचारला गेला नाही याचा मला राग येतो. एक्स-रेच्या दारावर तशी पाटी असते, पण रडणारं मूल कडेवर असलेली बाई पाटी वाचत बसत नाही. पुढच्या वेळी मुलाला त्याचे वडील किंवा आजोबा धरतील.

पोटातल्या बाळाबद्दल आता निर्धास्त व्हा. तुम्ही मुख्य झोतात नव्हतात. मुलाच्या अंगावर आपटून विखुरलेली किरणंच तुमच्याकडे आली, त्यांतलीही बरीचशी कोटाने अडवली. तुमच्या पोटापर्यंत जे पोहोचलं असेल, तो एका मिलिग्रेचा (अंगात शोषलेल्या किरणांचं माप, क्ष-किरणांसाठी मिलिसीव्हर्टच्याच बेताचं) अगदी किरकोळ अंश असेल. गर्भाच्या बाबतीत १०० मिलिग्रेच्या आतल्या डोसासाठी गर्भपाताचा विचार करायचं कारण नाही, असं किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने म्हटलेलं आहे. तुमचा डोस त्याच्या जवळपासही फिरकत नाही. कोणी या कारणावरून ‘खाली करून टाका’ असा सल्ला दिला तर ऐकू नका. गेल्या काही वर्षांत अशा सल्ल्याने हादरलेल्या दोन बाया माझ्याकडे आल्या होत्या, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते. आपल्या प्रसूतितज्ज्ञांना फोटोची तारीख सांगून ठेवा, कार्डावर नोंद करा, आणि पाचव्या महिन्याची सोनोग्राफी ठरल्या वेळी करा.

सीटी सेंटरमध्ये काय विचारायचं, हेही सांगते, कारण गावाकडची माणसं विचारायला कचरतात आणि मग घरी आल्यावर मोबाईलला विचारतात. मशीन मुलाच्या वजनाप्रमाणे लावली आहे का, की मोठ्या माणसाचंच माप? हा सर्वांत कामाचा प्रश्न. मूल लहान, त्याचं अंग पातळ. मोठ्याच्या मापाने झोत सोडला तर फुकटचा डोस जातो. मुलांचा डोस कमी ठेवा, हे सांगणारी एक मोहीम रेडिओलॉजिस्ट लोकांनीच २००८ मध्ये जगभर सुरू केली, तिचा मुख्य भर यावरच आहे. दुसरा प्रश्न : फक्त हवा तेवढाच भाग घेणार ना? डोकं सांगितलं असेल तर मान-छाती कशाला. तिसरा : चित्र ठळक दिसावं म्हणून टोचतात त्या औषधाआधी एकदा आणि नंतर एकदा, असं दोनदा खरंच लागणार आहे का? बहुतेक मुलांना एकदाच पुरतं. क्ष-किरणांच्या प्रत्येक मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. १९८३ मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ मुंबईत आहे. परवाना आहे का, असं विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला तंत्रज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला बरं वाटतं, हे मी पाहिलेलं आहे.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच : ‘या फोटोने उपचारात काय बदलणार?’ फोटो काहीही आला तरी औषध तेच राहणार असेल, तर फोटो नको.

इथे मला माझ्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल लिहिलं पाहिजे. मिरजेत आणि सांगलीत दवाखान्यांची परंपरा जुनी. डॉ. वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. रॉन्टगेन यांनी तो १८९५ मध्ये लावला. तेव्हापासून ‘मिरजेला नेऊ या’ हा आपल्याकडे, कोल्हापूर-बेळगावपर्यंत, दिलासा देणारा शब्द झाला. पण जिथे दवाखाने पुष्कळ, तिथे फोटोही पुष्कळ. लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून मीही प्रत्येक खोकल्याला छातीचा फोटो लिहीत असे. एकदा जतकडचं तीन वर्षांचं मूल आलं. महिन्याभरात तीन ठिकाणी चार फोटो झाले होते. चौथा काढायला मीच सांगितलं होतं, कारण आधीचे तीन घरी पत्र्याच्या पेटीत राहिले होते आणि मी ‘मग आता नवीन काढा’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी बापाने एस.टी.ने जाऊन ते आणले. तिन्ही स्वच्छ होते आणि चौथाही तसाच निघाला. त्या दिवसापासून चिठ्ठीवर ‘फोटो’ लिहिण्याआधी मला त्यात काय बघायचंय, तेही लिहायची सवय मी स्वतःला लावली. काही सुचलं नाही तर फोटो लिहीत नाही.

आणि याच्या उलटही घडलं आहे. किरणांच्या भीतीने एका आजीने नातवाचा छातीचा फोटो तीन आठवडे होऊ दिला नाही. मूल वाळत चाललं होतं, घरात आजोबांना खोकला होता. फोटोत टी.बी. निघाला. उपचाराने मूल बरं झालं, पण ते तीन आठवडे त्याने उगाच सोसले. म्हणून सासूबाईंना हा सगळा मजकूर वाचून दाखवाल तेव्हा हा परिच्छेद गाळू नका.

शेवटचं, तुमच्या हातातलं काम. सीटीची फिल्म आणि सीडी, छातीचा फोटो, दोन्ही रिपोर्ट एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सीडी दिली नसेल तर सेंटरला जाऊन मागा. नुसत्या रिपोर्टवर दुसऱ्या डॉक्टरांचं भागत नाही, त्यांना चित्र बघायचं असतं. पिशवी पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नका, हल्लीच्या फिल्म उष्णतेने काळवंडतात. पिशवीवर स्केचपेनने मुलाचं नाव, तारीख आणि कशासाठी काढला ते लिहा. आता डोकेदुखीसाठी जाल तेव्हा तीच पिशवी पहिल्यांदा टेबलावर ठेवा, मग बोलायला सुरुवात करा.

डोळे तपासून झाले आणि आठ दिवसांचा तो कागद भरला, की मला परत लिहा.